पासष्ट हजार पाचशे पस्तीस

बिल्ला गुलाबी सॅटिनचा, मध्ये पुठ्ठ्याची गोल चकती, चकतीवर सोनेरी अक्षरांत 'तात्रिक सहाय्य' — अनुस्वार कुणीतरी खाऊन टाकलेला — आणि खाली लोंबणाऱ्या दोन फितींपैकी एक आत्तापासूनच उसवायला लागलेली... कालपासून तो कीबोर्डच्या कडेला पडून होता आणि मोहिनीची नजर दर दोन मिनिटांनी त्याच्यावर ठेचकाळत होती. मंडळाने असे शंभर-सव्वाशे बिल्ले केले असणार, आणि छापखान्यातून मंडळाच्या कचेरीपर्यंत, कचेरीतून या टेबलापर्यंत जितक्या हातांतून ते आले त्यांतल्या एकालाही इथे एक टिंब हवं होतं असं वाटलं नाही. टिंब गेलं तर गेलं, सॅटिन तर आहे ना. ही माणसं. या माणसांसाठी आपण रविवार घालवतोय.

समोर पडद्यावर सूची उघडत नव्हती.

बरोबर अकरा वाजता, गावातल्याच एका मंगल कार्यालयात, उखर्डूनानांनी — मंडळाचे अध्यक्ष, मुक्ताईनगरकडचे, आईचे लांबचे मामेभाऊ — स्टेजवरून मोबाइलवर बोट टेकवून समाजाच्या यंदाच्या वधू-वर सूचीचं लोकार्पण केलं होतं. लोकार्पण म्हणे! इतकी वर्षं ती जाडजूड पुस्तक म्हणून निघायची, घरोघरी टीव्हीच्या कपाटावर वर्षभर पडून राहायची, तिच्यावर हिशोबापासून रांगोळीपर्यंत काय वाट्टेल ते लिहिलं जायचं. यंदा पहिल्यांदाच ती नुसती मोबाइलवर. आणि अकरा वाजून सात मिनिटांनी ती अडकली. आत शिरलेले आत राहिले, बाहेरचे गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसले. एक वाजता मंडळाच्या नियमाप्रमाणे सूची बंद व्हायची होती, त्यानंतर वर्षभर ना नवीन नाव ना काही बदल. आणि दोन महिन्यांपूर्वी, मंडळाच्या सभेत, सगळ्यांच्या देखत, मोहिनीने खांदे उडवत सांगितलं होतं की पाच हजार माणसं एकदम आली तरी माझा सर्व्हर हलणार नाही.

सभेत तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पाच हजार म्हणजे किती हे तरी कळलं असेल का कुणाला...

तसं काम काही डोंगराएवढं नव्हतं. कॉलेजात ती याहून मोठे सर्व्हर बारा वर्षं सांभाळत आली होती. सूचीच्या पुढच्या दाराशी एक प्रॉक्सी बसवलेला होता — आलेल्या माणसाचं म्हणणं ऐकून मागच्या सर्व्हरकडून त्याला हवं ते पान आणून देणारा एक प्रोग्रॅम, एवढंच — आणि तो एका माणसासाठी दोन धागे धरून बसतो, एक त्याच्या मोबाइलकडे गेलेला, एक मागच्या सर्व्हरकडे. सर्व्हर ज्यावर चालतो ते लिनक्स अशा प्रत्येक धाग्याला एक उघडी फाइल समजतं, आणि एका प्रोग्रॅमने एका वेळी किती फाइली उघड्या ठेवायच्या याला मर्यादा घालतं. कुणी काही सांगितलं नाही तर एक हजार चोवीस. म्हणजे पाचशे माणसं, फार तर पाचशे दहा. त्याच्या पुढचा आला की प्रॉक्सी हात वर करतो आणि लॉगमध्ये लिहून ठेवतो, फार फाइली उघड्या आहेत.

फार फाइली उघड्या आहेत, फार फाइली उघड्या आहेत, फार फाइली उघड्या आहेत — लॉगचं पान त्याच एका वाक्याने भरून वर सरकत होतं.

असणारच उघड्या! ही माणसं काही मिटतात का? एकदा मुलीचं पान उघडलं की ते आत्याला दाखवायचं, मामांना दाखवायचं, मोठ्या काकांचा चष्मा सापडेपर्यंत तसंच धरून ठेवायचं, मग दुसरं उघडायचं, पहिलं 'राहू दे, बघू' म्हणून मागे ठेवायचं — नकार कुणालाच द्यायचा नाही, होकारही द्यायचा नाही. चाळीस-चाळीस मुली उघड्या ठेवून घरंच्या घरं बसली असतील आत्ता. आणि त्या चाळीस पानांत आहे तरी काय? सगळे निर्व्यसनी. सगळ्यांची बारमाही पाण्याची केळीची बाग. सगळ्या मुली गृहकृत्यदक्ष, सगळ्यांच्या मागे त्याच फोटो स्टुडिओचा तोच निळा पडदा, आणि 'अपेक्षा' या रकान्यात सगळ्यांनी मिळून एकच शब्द — अनुरूप. साडेसातशे नोंदी तिने हाताने तपासल्या होत्या, 'गृहकृत्यदक्ष' या शब्दाचे अकरा प्रकार वाचले होते, आणि रात्री जेवताना आईला एकेक वाचून दाखवून इतकी हसली होती की आईने शेवटी ताट उचललं.

फोन वाजला. भूपेंद्र, मंडळाचा सचिव. खताचं दुकान सांभाळता सांभाळता त्याने कधीकाळी तीन महिन्यांचा कॉम्प्युटर क्लास केला होता आणि तेव्हापासून कुठलंही यंत्र अडलं की त्याच्याकडे एकच मात्रा असायची.

"मोहिनी मॅडम, रिस्टार्ट मारून पाहिलं का?"

"पाहिलं."

"दोनदा मारा ना. कधीकधी दुसऱ्यांदा घेतं ते."

उंटावरचा शहाणा. रिस्टार्ट केलं की सगळे धागे तुटतात, सात मिनिटं बरं चालतं, पाचशे माणसं पुन्हा आत येतात आणि पुन्हा तेच — हे त्याला समजावण्यापेक्षा म्हशीला समजावलेलं परवडलं. ती काही बोलायच्या आत फोन त्याच्या हातातून गेला होता आणि नानांचा आवाज आला, मागे दोन हजार माणसांचा गलका.

"काय वं मोहिनी, अठी सगये मानसं मोबाईल धरून बसले अन् तुह्यं ते उघडूनच नाही राह्यलं! सकायपासून माइकवर मीच बोलू राह्यलो, आता बोलासाठी काही उरलं नाही माह्याजोय."

"होईल नाना."

"तठी नरडाण्याहून हिलालचा फोन आला. तो बी बोंबलू राह्यला."

हिलालने तिलाही पाठवलं होतं, धुळे भागाचा प्रतिनिधी तो, बोलून पाठवलेला निरोप, मागे बायकांचे आवाज — 'ताई, नुसतं गोल गोल फिरी राहिनं, बठ्ठं अटकी गयं शे, पोरगानी मामी वाट दखी राहिनी.' मामी वाट दखी राहिनी! जणू मामीसाठी लिनक्स लिहिलंय.

"नाना," मोहिनी म्हणाली, आणि तिचा आवाज मुद्दाम मोठा झाला, नानांशेजारी उभ्या असलेल्या भूपेंद्रला ऐकू जावा इतका, "मी काल दुपारीच मर्यादा वाढवलेली आहे. एक हजार चोवीसची पासष्ट हजार पाचशे पस्तीस केली. तपासलीसुद्धा. आज ती परत जुनी झाल्यासारखी वागतेय, म्हणजे मधे कुणीतरी हात लावलाय. पासवर्ड दोघांकडेच आहे. एक मी आणि दुसरे तुमचे सचिव."

पलीकडे गलका तेवढाच होता. मग लांबून, फोनपासून दूर, भूपेंद्रचा आवाज, पडलेला — "नाना, मी नाही हो काही केलं... मी तर ते उघडलंही नाही."

ती फोन ठेवून बसली. बरं वाटलं. खोटं का बोलायचं, बरं वाटलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारी मी नाही. अंगण खरंच वाकडं असतं, आणि वाकडं करणारे खताच्या दुकानात बसलेले असतात.

तिने कालच्यासारखंच पुन्हा तपासलं. सर्व्हरमध्ये शिरली, मर्यादा विचारली, उत्तर आलं: 65535. मग? मर्यादा आहे, तर प्रॉक्सी का बोंबलतो... पाचव्यांदा विचारलं, पाचव्यांदा तेच. स्वयंपाकघरातून भाजलेल्या वांग्याचा वास यायला लागला होता. आई भरताची वांगी गॅसवर धरून फिरवत असणार, एक-एक, देठाला धरून, हिवाळ्यातला प्रत्येक रविवार तसाच. आणि त्या वासात एकदम नशिराबादच्या मामांचं माजघर — तिथेही तिला पाहायला आले त्या दिवशी भरीतच होतं, पोह्यांनंतर, कारण हितेंद्रच्या घरच्यांना 'जेवूनच जा' असं मामी म्हणाल्या होत्या. जुन्या सूचीच्या पुस्तकातूनच आला होता तो, सुरतेचा, भरतकामाच्या मशीनचे सुटे भाग विकणारा. निर्व्यसनी. त्याने विचारलं होतं, 'ते लिनक्स म्हणजे नेमकं काय असतं?' आणि खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं होतं, हे आता कळतं. तेव्हा तिने मामेबहिणीकडे बघून, हसू दाबत ओठ आत घेतले होते.

सुरतेला सासरी चांगले कप वेगळे होते. पाव्हणे आले की काचेच्या कपाटातून निळ्या फुलांचे निघायचे आणि घरच्या बायका कान तुटलेल्या कपातून चहा प्यायच्या. बाहेरून आलेल्याला वाटायचं, काय थाट आहे या घराचा...

मोहिनीचं बोट कीबोर्डवर थांबलं.

बाहेरून आलेल्याला. ती आत्ता सर्व्हरमध्ये बाहेरून शिरली होती, दारातून, नाव सांगून. दारातून येणाऱ्याला कोणती मर्यादा द्यायची ते एका फाइलीत लिहिलेलं असतं, आणि ती फाइल तिने गेल्या वर्षीच नीट केली होती. तिला मिळाला तो पाव्हण्याचा कप! प्रॉक्सी दारातून येत नाही, सर्व्हर सुरू होताना घरातच उठतो; त्याची मर्यादा वेगळी, त्याच्या स्वतःच्या फाइलीतल्या एका ओळीतून येणारी. काल आणि आज मिळून तिने सहा वेळा तपासली होती ती स्वतःची मर्यादा. त्याची एकदाही नाही.

एवढी साधी गोष्ट. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते मी ही.

तिने चालू प्रॉक्सीची स्वतःची नोंद उघडली. उघड्या फाइलींची मर्यादा, दोन रकाने: मऊ मर्यादा 1024, कडक मर्यादा 524288. म्हणजे वरची भिंत पाच लाखांवर, आणि हा एक हजार चोवीसवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. मऊ मर्यादा प्रोग्रॅमला स्वतःहून वाढवता येते, कुणाला विचारावं लागत नाही; फक्त वाढवावी लागते. मूर्ख, ती मोठ्याने म्हणाली, आणि कुणाला म्हणाली ते तिचं तिलाच नीट कळलं नाही.

दारात आई उभी होती. सुनंदाबाईंच्या हाताला वांग्याची काळी सालं चिकटलेली, आणि चेहऱ्यावर असं काही की मोहिनीने खुर्ची वळवली.

"शेजारच्या कमलबाई सांगू राह्यल्या, सूची बंद पडली म्हने."

"हो."

"म्या नाही देलं वं तुह्यं नाव." सुनंदाबाई घाईघाईने म्हणाल्या. "शप्पथ. उखर्डूभाऊनं दोनदा इचारलं, म्या नाहीच म्हनलं. तुले कुठी दिसलं असंन तं ते म्या नाही केलं."

मोहिनीला आधी कळलंच नाही. मग दिवाळीतलं बोलणं आठवलं — पणत्या पुसताना आई भीत भीत म्हणाली होती, यंदा नाव देऊ का, आणि मोहिनीने पणती आपटून म्हटलं होतं: माझं नाव त्या यादीत दिसलं तर मी सर्व्हरच बंद करून टाकीन. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि या बाईने तेव्हापासून ते मनात धरून ठेवलं होतं, खरं मानून. सूची बंद पडली म्हटल्यावर पहिला विचार तिने हाच केला, की पोरीला नाव दिसलं आणि पोरीने दोन हजार माणसांचा दिवा मालवला. आपल्याबद्दल असा विचार करता येतो. आईला करता येतो.

"तसं काही नाही आई. मशीनचं आहे."

"मंग ठीक आहे." पण त्या लगेच गेल्या नाहीत. "जेवाले वेळ लागंन का?"

"लागेल थोडा."

आई गेल्यावर तिने प्रॉक्सीची फाइल उघडली, आणि आता भूपेंद्रला रंगेहाथ पकडायचं या आनंदात तिची बोटं हलकी झाली होती... ओळ तिथेच होती. कुणी पुसलेली नव्हती. मर्यादा, बरोबरचं चिन्ह, पासष्ट हजार पाचशे पस्तीस. तिने ती ओळ चार वेळा वाचली, शब्द सुटा करून, आकडा सुटा करून. पासष्ट हजार पाचशे पस्तीस. स्पेलिंग बरोबर, जागा बरोबर. बारा वाजून अठरा मिनिटं. आकडा बरोबर आणि तरी मशीन म्हणतं एक हजार चोवीस. मग मशीनही त्यांच्यातलंच, अनुस्वार खाणाऱ्यांतलं.

शेवटी तिने सिस्टिमची रोजनिशी काढली, काल दुपारची, जिथे मशीन आपल्या बारीकसारीक तक्रारी कुणी वाचो न वाचो लिहून ठेवतं. तीन वाजून एक्केचाळीस मिनिटं: ही किंमत समजली नाही, ओळ सोडून दिली. आणि पुढे ती ओळ, पण आकड्याच्या जागी पाच रिकामे चौकोन.

पाच चौकोन. तिने पुन्हा फाइलीकडे बघितलं. पासष्ट हजार... ती फाइल वाचत नव्हती, आकडा ऐकत होती. तिने बोट पडद्यावर ठेवलं आणि अक्षरं बघितली, नुसती अक्षरं, पहिलीतल्या मुलीसारखी.

६५५३५.

65535 नाही. ६५५३५.

कीबोर्ड मराठीवर राहिला होता. इंग्रजी शाळेत गेलेली कुणी असती तर तिच्या डोळ्याला हे पाच आकडे खड्यासारखे लागले असते. पण नशिराबादच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे म्हटलेल्या डोळ्याला ६ आणि 6 एकच, तो सरळ सहाच बघतो, लिपी न बघता. चार वेळा वाचूनही. मशीनला मात्र सहा कळलाच नाही. त्याने मुकाट ओळ सोडून दिली आणि आपलं जुन्या मर्यादेवर बसून राहिलं, आणि तिने भर गर्दीत, मोठा आवाज काढून, भूपेंद्रवर...

तिने पाच आकडे पुसले, पाच आकडे लिहिले, प्रॉक्सी नव्याने सुरू केला आणि या वेळी त्याची स्वतःची नोंद उघडून बघितली: 65535. अकराशे धागे. एकोणीसशे. बत्तीसशे. लॉगमधलं ते वाक्य थांबलं. मंगल कार्यालयातला गलका इथपर्यंत ऐकू येणं शक्य नव्हतं तरी तिला तो ऐकू आल्यासारखा वाटला, आणि त्यातून मिळायला हवा होता तो आनंद काही आला नाही.

भूपेंद्रचा निरोप आला. 'मॅडम चालु झाले. धन्यवाद. नाना माईक वर कारण सांगणार आहेत. सर्व्हर कंपनीची चुक होती असे सांगायला सांगु का. म्हणजे कोणालाच वाईट नको.' चालू, चूक, सांगू — तीन ऱ्हस्व उकार, तिने मोजलेच. मोजायचे नाहीत असं ठरवण्याआधीच ते मोजून झाले होते. ज्याच्यावर तासाभरापूर्वी आळ घेतला तो माणूस तिला पळवाट काढून देत होता आणि ती त्याचे उकार मोजत होती.

हितेंद्र लिहायचा — मी निगतो आहे. ती उलट लिहायची — निघतो. दुकान वाडवायचे आहे. — वाढवायचे. तुला काय आनु. — आणू. चौदा महिने. हळूहळू त्याचे निरोप आखूड होत गेले, मग नुसता अंगठा, मग तोही नाही. आणि ती कपडे भरत होती त्या दुपारी तो दाराच्या चौकटीला टेकून, अजिबात न चिडता, म्हणाला होता: 'तू माझ्याकडे बघते ना, तेव्हा मला वाटतं मी काहीतरी चुकीचं छापलो गेलोय.' छापला गेलोय, तिच्या मनात आलं होतं. तेव्हाही! आता त्याला मुलगी आहे, भाविका. फोटोखाली त्याने लिहिलंय, माझी परि.

कीबोर्ड मराठीवर का राहिला होता, हा प्रश्न तिने इतका वेळ मोठ्या शिताफीने बाजूला ठेवला होता.

तिने लॉगमध्ये कालची दुपार काढली. तीन वाजून अडतीस मिनिटं: नोंद क्रमांक चारशे बारा, बदल जतन केला, याच घरातून. तीन वाजून एक्केचाळीस: प्रॉक्सीची मर्यादा. तीन मिनिटं मधे. चारशे बारा अजून सूचीत नव्हती. भरलेली, जतन केलेली, पण प्रकाशित न केलेली, भरणाऱ्यालाच दिसणारी. मोहिनी सुनंदाबाई — वडिलांच्या नावाच्या जागी तिने मुद्दाम आईचं घातलं होतं. वय ३६. पुनर्विवाह. गंमत म्हणून भरली होती. फॉर्म नीट चालतो का बघायला कुणीतरी खोटी नोंद भरावीच लागते... तीन-चार वेळा उघडली असेल, तपासायला म्हणून.

तिने लॉगला विचारलं: चारशे बारा किती वेळा उघडली?

एकोणीस.

सोमवारी सकाळी, कॉलेजला निघायच्या आधी. मंगळवारी दोनदा. गुरुवारी दहा मिनिटांत तीनदा. बहुतेक वेळा नुसती उघडलेली, काही न बदलता, आणि सगळ्या ओळींपुढे याच घराचा पत्ता. आईकडे बटणांचा फोन आहे. लॉग खोटं बोलत नाही, माणसं बोलतात — हे वाक्य ती पोरांना दर वर्षी पहिल्या तासाला ऐकवते. आणि आत्ता, या क्षणी उघड्या असलेल्या पानांची यादी तिने बघितली तर तिच्यात चारशे बारा होतीच: पडद्यावरच्या मागच्या खिडकीत, सकाळी नऊपासून, जोडणी तुटली की आपोआप पुन्हा जोडून घेत बसलेली. हजार चोवीसांतले दोन धागे माझे होते. कुणाच्या तरी मामीला त्या दोघांनी बाहेर ठेवलं असेल.

बारा वाजून बेचाळीस. फोन.

"चालू झालं वं! सगये खूश. भूप्या तेवढा कानकोंडा होऊन कोपऱ्यात बसला. मी आता माइकवर जाऊ राह्यलो, कोनाची गलती होती म्हनून सांगू?"

"माझी, नाना."

"आं?"

"भूपेंद्रभाऊंनी कशालाही हात लावलेला नव्हता. चूक माझी. आकडा मी मराठीत लिहिला होता. तसंच सांगा, आणि माझा आरोप सगळ्यांसमोर मागे घ्या."

नाना रागावले नव्हते, विचार करत होते, आणि मग खरोखरच न समजून म्हणाले, "मराठीत लिहिला, मंग त्यात गलती कोनती झाली बाई? आपन मराठीतच लिहितो ना."

त्याला उत्तर होतं. चांगलं दोन वाक्यांचं, शेवटी थोडं टोचणारं उत्तर तिच्याकडे अशा प्रश्नांना नेहमी तयार असायचं. "हो," ती म्हणाली. "तेच ना."

फोन ठेवून तिने मागची खिडकी पुढे आणली. विसावी वेळ. निळा पडदा नसलेला फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. शिक्षण, नोकरी, उंची, मामेकुळ नशिराबाद. आणि 'अपेक्षा' — तिथे तिने 'अनुरूप' लिहिलं नव्हतं. मंगळवारी लिहिलेलं काल पुसलं होतं, पुसलेलं परत लिहिलं होतं, आणि शेवटी ठेवलेलं वाक्य वाचताना काल तिला आपण किती बदललो याचं कौतुक वाटलं होतं. 'शुद्धलेखन कच्चं असलं तरी चालेल.' काल ते वाक्य हितेंद्रची माफी मागत होतं. आज ती ते बघत होती, अक्षर अक्षर, मघाशी तो आकडा बघितला तसं, आणि त्यातला शेवटचा शब्द काही केल्या जागेवर बसेना. चालेल. चालेल म्हणणारी ही कोण? भाजीवाल्याच्या टोपलीतलं वांगं उलटंपालटं करून, कीड नाही ना बघून, बायका म्हणतात तसं — चालेल. म्हणजे अजून मी वरूनच बघतेय. थोडी वाकून, एवढंच. सूचीतल्या साडेसातशे माणसांनी 'अनुरूप' लिहिलं होतं आणि ती हसली होती, पण त्या बिचाऱ्या शब्दात निदान दोघं एका उंचीवर उभे होते.

खालच्या कोपऱ्यात 'प्रकाशित करा' हे बटण होतं, हिरवं, तिनेच बनवलेलं. एकाला अकरा मिनिटं कमी. आत आई ताटं घेत होती, एक, मग दुसरं, भांड्यांचा आवाज न होऊ देता, कारण मुलगी काम करतेय.

तिने 'अपेक्षा'चा रकाना रिकामा केला. लिहायला काही सुचेना. दुसऱ्यांसाठी तिच्याकडे शब्द कधी कमी पडले नव्हते — भूपेंद्रसाठी होते, नानांसाठी होते, हिलालच्या मामीसाठी, हितेंद्रसाठी तर चौदा महिने पुरून उरले — आणि आता स्वतःसाठी एखादा तसलाच नेमका, लागणारा शब्द ती शोधत होती, म्हणजे शिवी देऊन मोकळं तरी होता येईल. पण मनात पुन्हा पुन्हा येत होतं ते वेगळंच, एखाद्या नवख्या मुलीने पाहायला आलेल्यांसमोर बसून विचार करावा तसं, की माझं चुकलेलं कुणाला चालेल का. कीबोर्ड कोणत्या भाषेवर आहे ते तिने या वेळी आधी बघितलं. मराठीवरच होता. तिने तो तसाच राहू दिला.